लिरॉयने फोडलेली लाकडं

आर्डिस टेशला कुणी विचारलं असतं की बाई, तू राहतेस कुठे, तर तिने विनेबागो तळ्याकाठच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं असतं. तिथे तिचं घर होतं, चर्च होतं, शाळेच्या खानावळीतली नोकरी होती. पण ती खरी जगायची ती वर्षातून एक आठवडा, तिथून चार तास उत्तरेला, जंगलातल्या एका शिबिराच्या स्वयंपाकघरात. दर जूनमध्ये तिथे राज्यभरातून हायस्कूलची साठ-पासष्ट मुलं यायची. कागदावर त्या आठवड्याचं नाव 'युवा पर्यावरण नेतृत्व परिषद' असं होतं. ज्याने ते ठेवलं त्याला साठ मुलांची भांडी कधी घासावी लागली नसणार. बाकी सगळे त्याला 'जूनचा आठवडा' म्हणत.

शाळेच्या खानावळीत तिने एकतीस वर्षं काढली. तिथली मुलं ताट पुढे करत, ती वाढे, मुलं जात. मुलांचा त्यात दोष नाही, मागे रांग असते. इथली मुलं मात्र वाढायच्या खिडकीत कोपरं टेकवून उभी राहत. नदीत पारा कसा उतरतो, लांडग्यांची मोजणी कशी करतात, असं सकाळी शिकलेलं सगळं दुपारी आर्डिसला येऊन सांगत. तीही पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून ऐकत राही. लग्नानंतर तिला तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा ते टिकले नव्हते. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. पण जूनच्या आठवड्यात ती जितकी हसायची तितकी एरवी वर्षभरात हसत नसे, हे तिच्या नवऱ्यानेच एकदा मला सांगितलं होतं.

तो नवरा म्हणजे लिरॉय. कागदाच्या गिरणीत पाळीवर काम करणारा, दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारा, आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा. पहिल्या वर्षी तो केवळ आर्डिसने जुना ट्रक एकटीने चालवू नये म्हणून सोबत आला. आला, तो शेवटच्या संध्याकाळच्या शेकोटीचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्यानंतर चौदा वर्षं तो रजा टाकून येत राहिला. भाषणं चालू झाली की तो पेंगायचा, पण कुऱ्हाड हातात आली की मुलं भाषण सोडून त्याच्याभोवती जमायची. लाकडाची रेघ कुठे धावते हे तो अंगठ्याने चाचपून दाखवायचा आणि मग एका घावात त्याचे सरळ दोन भाग करायचा. फोडायला सगळ्यांत चांगलं लाकूड ॲश नावाच्या झाडाचं, असं त्याचं मत होतं. ओलं असलं तरी पेटतं, धूर करत नाही, ठिणग्या उडवत नाही. त्याच्या वीस शब्दांतले दहा ॲशच्या कौतुकात जायचे.

शिबिरालाही ॲशच्याच झाडांची सावली होती. तिथल्या तळ्याच्या काठाने सपाट जागेवर दोनशे चौदा झाडं. प्रत्येकावर ॲल्युमिनियमची छोटी पट्टी आणि पट्टीवर आकडा. आलेल्या प्रत्येक मुलाला तीन-चार झाडं वाटून दिली जात. त्याने त्यांचा घेर मोजायचा, पानं कशी आहेत ते पाहायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी तीच झाडं दुसऱ्याकडे. बावीस वर्षांच्या वह्या होत्या. परिषदेची सगळी सत्रं त्या झाडांखालीच बाकांवर भरत, आणि ऊन कितीही असो, आर्डिस जेवण तिथेच नेऊन वाढी.

आता आमच्या इथली एक खोड सांगायला हवी. उत्तरेला चार दिवस राहायला निघालेला माणूस औषधं विसरेल, पोहायचे कपडे विसरेल, पण गाडीच्या मागे घरची लाकडं टाकल्याशिवाय निघायचा नाही. घरी ढीग पडलेला असताना वाटेत लाकूड विकत घेणं म्हणजे निव्वळ आळशीपणा, असं इथल्या आयाबाया मानतात. म्हणूनच तर सरकारला जागोजागी कागद लावावे लागले की लाकडं एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नका, त्यातून कीड जाते. तो कागद शिबिराच्या स्वयंपाकघराच्या दारावरही होता. आर्डिसनेच चिकटपट्टीने लावलेला. तिच्या मते तो शनिवार-रविवारी येणाऱ्या शिकागोच्या लोकांसाठी होता. तिची चूक झाली ती इथे, आणि मी तिच्या जागी असतो तरी याहून वेगळं वागलो असतो असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लिरॉयने शेजाऱ्याच्या कुंपणाजवळचं एक वठत चाललेलं ॲश पाडलं, फोडलं आणि गॅरेजमागे रचून ठेवलं. साल वरच्या बाजूला, तोंडं एका ओळीत. फेब्रुवारीत बर्फ उपसताना तो अंगणात खाली बसला तो उठलाच नाही. सगळा वसंत आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ढीग पाहत राहिली. घरात गॅसची शेगडी होती, लाकडं जाळायला जागाच नव्हती, आणि कुणाला देऊन टाकायची तर तिचा जीव होईना. जून उजाडला तेव्हा तिने ती ट्रकमध्ये भरली. लिरॉयला आता येता येणार नव्हतं, निदान त्याची लाकडं तरी जातील, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. त्या वर्षीच्या शेकोटीत थोडी जाळली. उरलेली तिने स्वयंपाकघरामागच्या छपराखाली ठेवली आणि पुढची तीन वर्षं दर शेकोटीला चार-चार काढून संपवली. शेवटचं लाकूड जळलं तेव्हा ती आत जाऊन रडली, आणि बाहेर येऊन मुलांना गोड पाव वाढले.

झाडांना काहीतरी होतंय हे दोन वर्षांपूर्वी दिसायला लागलं. शेंडे बोडके, बुंध्याशी नको तिथे धुमारे, आणि सुतारपक्ष्यांनी साल सोलून काढलेली. या वर्षी मुलं आली तेव्हा निम्म्या झाडांना पानंच नव्हती. परिषदेची प्रमुख गेल ब्रँट हिने सरकारी वनखात्याच्या एका तरुण अधिकाऱ्याला बोलावलं. त्याने चाकूने सालीचा एक तुकडा उचकटून काढला. आतल्या लाकडावर नागमोडी चर खोदलेले होते, एकमेकांत घुसलेले. हिरव्या भुंगेऱ्याच्या अळ्यांचं हे काम, त्याने सांगितलं. उपाय करायची वेळ केव्हाच गेली आहे, आणि वाळलेलं ॲश कधीही मोडून पडतं, मुलांच्या डोक्यावर पडलं तर काय घ्या. हिवाळ्यात सगळी पाडावी लागतील.

"सगळी म्हणजे?" पा निया व्हांग नावाच्या मुलीने विचारलं.

"दोनशे चौदा," तो म्हणाला.

पा निया सोळा वर्षांची, वॉसॉ गावची. परिषदेला तिचं हे दुसरं वर्ष. सुरकुतलेल्या टोपीखालून ती माणसाकडे असं बघायची की समोरच्याने उगाच आपले बूट तपासावेत. तिची आजी परदेशातून इथे येऊन वसलेल्या हमोंग लोकांच्या बाजारात भाजी विकते, आणि मातीत काय बिघडलंय हे पानावरून ओळखायचं शिक्षण तिला घरीच मिळालं होतं. तिने गेलला सांगितलं की झाडं मरायचीच असतील तर ती कुठून मरत आली एवढं तरी आम्हाला शोधू द्या. त्या वर्षीच्या सगळ्या कार्यक्रमांना काट मारून पोरं त्याच कामाला लागली. पोकळ गिरमिटाने प्रत्येक झाडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, तिच्यावरच्या वर्षांच्या रेघा मोजायच्या, आणि कुठल्या वर्षापासून झाडाची वाढ खुंटली ते नकाशावर रंगाने मांडायचं. आधी बिघडलेली लाल, नंतरची नारिंगी, अगदी अलीकडची पिवळी.

बुधवारी संध्याकाळी तो नकाशा जेवणाच्या हॉलमध्ये लागला. आर्डिस ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या केकचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सहज म्हणून त्याच्यापुढे थांबली. तळ्याकडे पिवळे ठिपके होते, मधे नारिंगी. लाल ठिपके एकाच ठिकाणी गोळा झाले होते, आणि त्यांच्या मधोमध एक छोटा चौकोन होता. तो चौकोन म्हणजे तिच्या स्वयंपाकघरामागचं छप्पर. खाली मुलांनी वर्ष लिहिलं होतं. ते लिरॉय गेला ते वर्ष होतं.

ट्रे गरम होता, तरी ती तो हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी एका मुलाने तो तिच्याकडून घेतला.

जेवण झाल्यावर अधिकाऱ्याने सगळ्यांना विचारलं की सहा वर्षांपूर्वी बाहेरून जळाऊ लाकूड कुणी आणलं होतं का. कुणावर ठपका ठेवायचा नाही, तो म्हणाला, पण नोंद करायला हवी, कीड कुठून आली ते कळलं तर इतर गावं सावध होतील. आर्डिस खिडकीच्या आत होती. तिने तोंड उघडलं होतं, हे ती नंतर शपथेवर सांगायची. पण तिच्याआधी ड्वेन उभा राहिला.

ड्वेन लात्झ शिबिराच्या होड्या आणि सरपण सांभाळायचा. सत्तरीला आलेला ब्रह्मचारी. "लाकडं वीस वर्षं मीच आणतोय," तो म्हणाला. "तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असणार. कुठून आणली ते आता आठवत नाही." एवढं बोलून तो बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

आमच्याकडची माणसं मनाने चांगली. कुणी कुणाला तोंडावर टाकून बोलायचं नाही. त्याऐवजी काय करतात, ते आर्डिसने दुसऱ्या दिवशी पाहिलं. रात्रीच्या जेवणाला ड्वेन नेहमीप्रमाणे दाराजवळच्या टेबलावर बसला. एरवी तिथे जागेसाठी पोरांची ढकलाढकल, कारण तो मोठ्या माशांच्या थापा मारायचा. त्या दिवशी मुलं ताटं घेऊन आली, त्याला हसून हॅलो म्हणाली आणि पुढच्या टेबलांवर जाऊन बसली. आठ खुर्च्यांच्या टेबलावर तो एकटा जेवला. शेवटी आपलं ताट आपणच खिडकीत आणून ठेवत तो आर्डिसला म्हणाला की मासा मस्त झाला होता.

शुक्रवारी सकाळी नाश्ता उरकून ती होड्यांच्या शेडमध्ये गेली. ड्वेन एका होडीच्या बुडाला घासकागद मारत होता.

"ड्वेन, ती लाकडं माझी होती."

त्याचा हात थांबला नाही. "माहीत आहे मला. ट्रकमधून उतरवायला कोण होतं मग?"

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"नकाशा पाहिला तेव्हा कळलं. उतरवताना एकदोन लाकडांच्या सालीला बारीक भोकं दिसली होती, एका बाजूने सपाट. मला वाटलं, असतील कसली तरी." त्याने होडीवर फुंकर मारून भुकटी उडवली. "तू मला म्हणालीस, ही लिरॉयने फोडलीत, नीट रच. मी नीट रचली. तुझा अवतार काय होता त्या दिवशी, आर्डिस. तुला काय विचारणार होतो मी?"

"मग आता का खोटं बोललास?"

"माझे गुडघे गेलेत. पुढच्या वर्षी मी येणार नव्हतोच. जाता जाता माझ्या नावावर राहील, काय बिघडतं? मला काय, पोरं विसरतील. तुला अजून इथे यायचं आहे." त्याने प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "तुला दुसरं आहे काय गं?"

हे शेवटचं त्याने मायेने विचारलं होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. कारण ते खरं होतं. घरी जाऊन एक्कावन्न आठवडे ती ज्याची वाट बघायची ते हे होतं. मुलांना कळलं तर ती काही बोलणार नाहीत, पण खिडकीत कोपरं टेकवून कुणी उभं राहणार नाही. ताट पुढे येईल, ती वाढेल, ताट जाईल. शाळेसारखं. आणि लिरॉयचं काय? मुलं अजूनही त्याने शिकवलेल्या पद्धतीने शेकोटी रचत होती, त्याला कधी न पाहिलेली मुलंसुद्धा. त्याच्या हाताने फोडलेल्या लाकडांनी हे सगळं मेलं, हेच आता त्याच्या नावामागे राहणार होतं. ती शेडमधून परत आली. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती होती, आणि भीतीने त्या दिवशी तिला गप्प बसवलं. दुपारच्या हॉटडिशमध्ये, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-मांसाच्या पदार्थात, तिने दोनदा मीठ घातलं. मुलांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

ड्वेन रात्रीही एकटाच जेवला. ती सगळा वेळ खिडकीतून पाहत होती. मासे नव्हते, थापा नव्हत्या. तो म्हातारा पाव तोडून तोडून रश्शात बुडवत होता, आणि पलीकडच्या टेबलावरची मुलं त्याच्याकडे पाठ करून कुठल्याशा ओढ्याबद्दल बोलत होती. ती मुलं दुष्ट नव्हती. ती आपल्या झाडांसाठी दुःखी होती, आणि तिने वाढलेलंच जेवत होती. शिबिरातल्या खोलीत ती रात्रभर कूस बदलत राहिली, एवढं तिने मला सांगितलं. बाकी तिने काय ठरवलं ते तिलाही सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

शनिवारी शेवटचं सत्र. झाडांखाली बसायला आता बंदी होती, म्हणून बाक तळ्याच्या उघड्या काठावर मांडले होते, आणि सगळे डोळ्यांवर हात धरून उन्हात बसले होते. नकाशा फळ्यावर टाचला होता. त्याच्याखाली सरकारकडे जाणारा कागद, आणि पा निया हातात पेन घेऊन उभी. झाडांची संख्या भरली, वर्ष भरलं. 'कीड आणणारी व्यक्ती' या ओळीशी ती थांबली आणि तिने गेलकडे पाहिलं. गेलने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेनने मान डोलावली.

"थांब पोरी," आर्डिस म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवरून खाली येत होती, ॲप्रनला हात पुसत. हात कोरडे होते, तरी ती पुसतच राहिली. फळ्यापाशी येऊन ती मुलांकडे वळली. तिने आयुष्यात कधी माणसांपुढे उभं राहून भाषण केलं नव्हतं, आणि हेही भाषण नव्हतं. लाकडं मी आणली, ती म्हणाली. घरून आणली, चार तासांवरून. दारावरचा कागद मीच लावलेला होता, तो मला वाचता येतो. ड्वेनने फक्त उतरवायला मदत केली, आणि या दोन दिवसांत तुम्ही त्याला एकट्याला जेवायला लावलंत ते माझ्यामुळे. झाडं परत आणायची माझ्यात ताकद नाही. मला फार वाईट वाटतं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने डोळ्यांवरचा हात तसाच राहू दिला, पण आता तो उन्हासाठी नव्हता. एक मुलगा उठला, मागे जाऊन ड्वेनच्या शेजारी बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. आर्डिसकडे कुणी आलं नाही. तिने ते पाहिलं, आणि तिला ते तसंच व्हायला हवं होतं असं वाटलं, तरी दुखायचं ते दुखलंच.

पा नियाने पेन कागदावर टेकवलं. "मिसेस टेश, या ओळीखाली दोन जागा आहेत. लाकूड कोणी तोडलं, आणि कोणी आणलं."

"पहिली रिकामी ठेव."

"पण तोडणारा..."

"तोडणाऱ्याने ते गॅरेजमागे ठेवलं होतं, बाळा. ते तिथेच राहिलं असतं. त्याने कुठलंही लाकूड कुठे नेलं नाही." तिने कागदावर बोट ठेवलं. "आणलं मी. माझं नाव लिही. आर्डिस."

मुलीने लिहिलं. "आणि आडनाव टेश, ना?"

चव्वेचाळीस वर्षं ती हे आडनाव सांगत आली होती, बँकेत, चर्चमध्ये, शाळेच्या पगारपत्रकावर, लिरॉयच्या थडग्यावरच्या दगडासाठी. तिने मृत झाडांकडे पाहिलं. मग तिने आपल्या माहेरचं आडनाव सांगितलं.

"सोलबर्ग," ती म्हणाली. "आर्डिस सोलबर्ग लिही."

पा नियाची नजर तिच्या ॲप्रनवर शिवलेल्या नावाकडे गेली. तिथे टेश असं लिहिलं होतं. मुलीने ते वाचलं, आणि खाली वाकून तिने कागदावर सोलबर्ग लिहिलं.